उत्तर प्रांतात मागे राहिलेली माणसं

नाशिकला गोदावरी चढू लागली की पंचवटीतली माणसं दोन गोष्टींवर नजर ठेवतात. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, आणि ते नारोशंकराच्या घंटेला लागलं का. ही घंटा रामेश्वराच्या देवळाच्या तटावर टांगलेली आहे. देऊळ सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलं. घंटेवर मात्र १७२१ हा इसवी सनाचा आकडा आहे, आणि ती वसईच्या विजयाची निशाणी मानली जाते. भीमाशंकरला देवळासमोर अशीच एक घंटा आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर आणखी एक. या घंटा ओतल्या गेल्या चर्चच्या मनोऱ्यांसाठी. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून उत्तर कोकण घेतलं, तेव्हा त्या उतरवून घाटावर आणल्या गेल्या आणि गेली पावणेतीनशे वर्षं त्या महादेवाच्या दारात वाजताहेत.

घंटा गेल्या, पण त्यांचा नाद ऐकून ज्यांचा दिवस उजाडायचा आणि मावळायचा ती बहुतेक माणसं कोकणातच राहिली. त्यांचं पुढे काय झालं हे शाळेच्या इतिहासात येत नाही. तिथे वसईचा धडा चिमाजी अप्पांच्या निशाणाबरोबर संपतो.

पोर्तुगीज या मुलखाला ‘उत्तर प्रांत’ म्हणत. गोव्याच्या उत्तरेला असलेला, म्हणून उत्तर. दमणपासून खाली तारापूर, केळवे-माहीम, वसई, साष्टी, मुंबई, कारंजा आणि चौल-रेवदंडा अशी समुद्राला धरून गेलेली ही चिंचोळी पट्टी होती आणि तिची राजधानी वसई. गोव्यात पोर्तुगीज ४५१ वर्षं राहिले, वसईत २०५. या फरकातून बरंच काही घडलं. गोव्यातून ते गेले तेव्हा तिथे छापखाने, वर्तमानपत्रं, कॉलेजं, पोर्तुगीजमध्ये लिहिणारा एक अख्खा वर्ग होता. वसईतून ते गेले तेव्हा मागे राहिले शेतकरी, कोळी, भंडारी आणि त्यांच्या वाड्या.

पण पोर्तुगीज येण्याआधी हा किनारा एकसंध, जुन्या आणि अस्सल लोकांचा होता असंही नाही. वसईला लागून असलेलं सोपारा हे प्राचीन बंदर. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे सापडले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला बौद्ध स्तूप उकरून काढला. ख्रिस्ती धर्मही पोर्तुगीजांबरोबर पहिल्यांदा आला नाही. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि त्यांचा सोबती जोर्दानूस याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. त्या वेळी या भागात पूर्वेकडच्या, सीरियन परंपरेच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती, असं तो लिहून गेला आहे. वर संजाणला पारशी उतरले, खाली अष्टागरात तेल गाळणारे, शनिवार पाळणारे बेने इस्राएल राहत होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली ‘महिकावतीची बखर’ वाचली तर सगळी बखर आल्या-गेलेल्यांचीच आहे. बिंब राजा आला, त्याच्याबरोबर अमुक कुळं आली, त्यांना तमुक गावं मिळाली. पाठारे प्रभू, पाचकळशी, पळशीकर ब्राह्मण या सगळ्यांच्या आठवणींत आपण कुठून तरी आल्याचीच गोष्ट आहे. कोणी पैठणहून म्हणतं, कोणी गुजरातेतून. आजही वाडवळी बोलीत गुजरातीचा वास येतो तो उगीच नाही.

पोर्तुगीजांना वसईचा मुलूख लढून मिळाला नाही, संकटात सापडलेल्या शेजाऱ्याकडून मिळाला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या भीतीने ग्रासला होता. समुद्राकडून तरी आपल्याला कोणी त्रास देऊ नये म्हणून २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि तिच्याखालची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली. करार झाला तोही एका पोर्तुगीज जहाजावर. मुंबई या कराराच्या शेपटात आली, तिची तेव्हा कोणालाच फार पत्रास नव्हती. सव्वादोन वर्षांनी, १५३७ मध्ये, हाच सुलतान दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांना भेटायला गेला आणि त्या झटापटीत बुडून मेला.

जमीन हातात आली, पण पोर्तुगालची माणसं मूठभर. मग त्यांनी एक सोय काढली. गावंच्या गावं पोर्तुगीज शिपायांना, सरदारांना, त्यांच्या विधवांना आणि धार्मिक संघांना ठरावीक खंडावर लावून दिली. खंड भरायचा आणि वेळ आली की घोडा-हत्यार घेऊन उभं राहायचं. खाली कुणबी तोच, नांगर तोच, फक्त वरचा धनी बदलला. असाच एक धनी होता गार्सिया द ऑर्ता. हा वैद्य. सोळाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली त्याने गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात मुंबईतल्या आपल्या बागेतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचं कौतुक केलेलं सापडतं. ऑर्ताचं घराणं मुळात ज्यू, पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेलं. तो १५६८ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून तीही जाळली. युरोपातून जीव मुठीत धरून निघालेली माणसंही या किनाऱ्यावर आली होती आणि त्यांच्या पाठीवरचं संकट जहाजातून त्यांच्यामागे आलं होतं, हे उत्तर प्रांताचा इतिहास सांगताना सहसा सुटतं.

वसईचा किल्ला म्हणजे तटबंदीतलं शहरच होतं. आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टीनियन असे सगळे संघ आणि त्यांची चर्चं, मठ, कॉलेज, इस्पितळ. पोर्तुगीज खानदानी लोकांची दुमजली घरं. इथला घडीव दगड गोव्याच्या बांधकामांसाठी जहाजांतून जात असे आणि आगाशीला जहाजं बांधली जात. शहरात राहण्याचा मान प्रामुख्याने गोऱ्यांचा. देशी माणसं दिवसा कामाला येत आणि तटाबाहेर वस्तीला जात. आज त्या शहराच्या भिंती उभ्या आहेत आणि छपरं नाहीत. वडाची मुळं कमानींतून उतरली आहेत आणि प्री-वेडिंगचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागलेली असते.

धर्मांतराचं काय? या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतं, सगळे तलवारीच्या धाकाने बाटवले. दुसरं म्हणतं, मिशनऱ्यांच्या सेवाभावाने आले. कागदपत्रं दोन्ही बाजूंना पुरून उरतात. देवळं पाडली गेली यात शंका नाही. बोरिवलीजवळची मंडपेश्वराची शैवलेणी फ्रान्सिस्कनांनी चर्च केली, वर टेकडीवर मठ आणि कॉलेज बांधलं. त्याचे अवशेष अजून दिसतात. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं, त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोचत होता आणि लग्न-मुंजीचे विधी उघडपणे करणं अवघड झालं. कित्येक घरं खाडी ओलांडून कल्याण-भिवंडीकडे मुसलमानी अमलात निघून गेली. दुसरीकडे नव्या धन्याच्या धर्मात गेल्याने जमीन टिकत होती, नोकरी मिळत होती, अनाथ मुलांना आणि दुष्काळात उपाशी माणसांना मठाच्या दारात अन्न मिळत होतं. कोळ्यांची अख्खी गावं एकदम ख्रिस्ती झाली, तशी सामवेदी ब्राह्मणांची आणि पाचकळशांची कुळंही. ती आली ती आपापली जात बरोबर घेऊन. मिशनऱ्यांना हे कळत होतं, पण त्यांनी ते चालवून घेतलं. त्यामुळेच साडेचारशे वर्षांनंतरही वसईत सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ ख्रिस्ती, कोळी ख्रिस्ती असे वेगवेगळे समाज आहेत, आणि परवा-परवापर्यंत त्यांच्यात सोयरिकी होत नसत.

नावं मात्र बदलली. बाप्तिस्म्याला जो पोर्तुगीज किंवा पाद्री धर्मबाप म्हणून उभा राहिला त्याचं आडनाव लागलं. वसईने पुढे ही आडनावं स्वतःच्या तोंडाला बसतील अशी वळवून घेतली: घोन्सालवीस, लोपीस, मच्याडो, तुस्कानो, रुमाव, डाबरे. या आडनावाच्या माणसाला लिस्बनमध्ये कोणी आपला म्हणून ओळखणार नाही. वसईच्या बाजारात मात्र त्यावरून गाव सांगता येतं.

भाषेचं प्रकरण याहून रंजक आहे. मिशनऱ्यांना लोकांशी बोलायचं होतं, म्हणून त्यांनी मराठी उचलली. गोव्यात फादर स्टीफन्सनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, १६१६ मध्ये ते छापून निघालं, आणि त्याचं कौतुक मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सर्वत्र आहे. उत्तर प्रांताचंही स्वतःचं पुराण होतं हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. फ्रान्सिस्कू व्हाज द ग्विमराइंश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने येशूच्या दुःखसहनाची कथा इथल्या ख्रिस्ती लोकांच्या मराठीत ओव्यांतून लिहिली. ती १६५९ साली लिस्बनमध्ये रोमन लिपीत छापली गेली. स्टीफन्सची मराठी ग्रंथांची, संतांच्या वळणाची. ग्विमराइंशची वाडीतली, आगरातली. पोर्तुगीज गेल्यानंतरही उपवासकाळात घरोघरी हे पुराण म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावं लागलं, यावरूनच त्याची मागणी कळते. देवनागरी न वाचता येणाऱ्या मराठी माणसांनी रोमन अक्षरांत मराठी ओव्या म्हणत तीन शतकं काढली, ही गोष्ट मराठीच्या अभिमानाच्या कोणत्याही भाषणात यायला हरकत नसावी.

वसईच्या एका मुलाने या सगळ्या व्यवहाराचा व्याप स्वतःच्या आयुष्यात दाखवला. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. जन्म १५५० च्या दशकातला. जेझुइटांच्या शाळेत शिकला, पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी शिकला आणि तिथल्या लोकांत चांगला रुळला. जेझुइट संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. देशी रक्ताच्या माणसाला तो सहजासहजी मिळतही नसे. मग त्याने व्यापार केला, मकाव-मनिलाच्या फेऱ्या केल्या आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन झाला. स्पॅनिश वकिलातीबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर गेला. पोपने १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. वसईजवळच्या गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, वसई गावात त्याच्या नावाचं कॉलेज आहे. वसई, मकाव, मनिला, नागासाकी हा प्रवास सोळाव्या शतकातल्या एका कोकणी आईच्या मुलाने केला होता.

मुंबई हातातून गेली ती हुंड्यात. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या कॅथरिनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं, त्यात हे बेट दिलं. वसईचे पोर्तुगीज जमीनदार यावर इतके चिडले होते की ताबा द्यायला १६६५ उजाडलं. १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. पुढची सुमारे सत्तर वर्षं माहीमच्या खाडीच्या एका तीरावर इंग्रज, दुसऱ्या तीरावर वांद्र्याला पोर्तुगीज. आणि दोन्हीकडे नात्यागोत्याची तीच माणसं.

मग मराठे आले. त्यांना बोलावणंही इथूनच गेलं होतं. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पेशव्यांकडे खेटे घालत होते. १७३७ मध्ये ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला पडला आणि साष्टी हातची गेली. १७३९ च्या जानेवारीत तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. फेब्रुवारीपासून वसईला वेढा. आत पोर्तुगीजांकडे दारू आणि पैसा दोन्ही संपत आले, तेव्हा त्यांनी चर्चमधली चांदी मुंबईच्या इंग्रजांकडे गहाण ठेवून कर्ज काढलं. इंग्रजांनी मदत केली ती व्यापाऱ्याच्या हिशेबाने, तारण ठेवून. मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज उडाले आणि शहराने शरणागती पत्करली.

तहाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. फौजेला हत्यारांसह, नगारे वाजवत बाहेर पडू दिलं. ज्यांना जायचं त्यांना माल-मत्तेसह जायची मुभा दिली. आणि ज्या ख्रिस्ती रयतेला मागे राहायचं, तिला धर्म पाळायची मोकळीक. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचा नवस फेडला, तिचं देऊळ बांधलं. वसईचं नाव बाजीपूर ठेवलं, पण ते कागदावरच राहिलं. पहिले सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी कारभार हाती घेतला.

गेले कोण? गोरे जमीनदार, त्यांच्या मिश्र रक्ताच्या नातलगांपैकी ऐपतवाले, युरोपियन पाद्री. कोणी मुंबईला, कोणी दमणला, बरेचसे गोव्याला. जो एकटा दमण पोर्तुगीजांकडे उरला तो १९६१ पर्यंत उरला. राहिले ते ज्यांची जमीन इथली, जाळी इथली, माड इथले. काही ब्राह्मण आणि पाचकळशी कुळांना शुद्ध करून हिंदू समाजात परत घेण्यात आलं. त्यामुळे आज वसईत एकाच मूळ कुळाच्या दोन शाखा, एक देवळात आणि एक चर्चमध्ये, शेजारच्या गावांत राहतात. मंडपेश्वर पुन्हा महादेवाचं झालं. पण सगळ्यांना परत घेण्याइतका उत्साह ना पुण्याला होता, ना इथल्या भिक्षुकांना. युरोपियन पाद्री गेले आणि त्यांच्या जागी गोव्याहून देशी पाद्री आले. पेशव्यांच्या अमलात, पेशव्यांच्या सुभ्यात, गोव्याचा एखादा पाद्री वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला मिस्सा वाचून दाखवतो आहे, आणि तो शेतकरी मिस्सा आटोपून सरसुभेदाराच्या कचेरीत सारा भरायला जातो आहे, अशी तेव्हाची नित्याची परिस्थिती होती. हिंदू राज्य आणि ख्रिस्ती राज्य अशा ढोबळ विभागणीत ती बसत नाही.

सर्वांत विलक्षण अवशेष राहिला तो दक्षिण टोकाला. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडावर कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला होता आणि १७४० च्या तहात चौलबरोबर मराठ्यांना दिला. किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गावात एक ख्रिस्ती वाडी आहे. तिथली माणसं आपसांत जी भाषा बोलतात ती मराठी नव्हे आणि पोर्तुगीजही नव्हे. तिला ती ‘नो लिंग’ म्हणतात, आपली भाषा. शब्दसंग्रह पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या चालीचं: कर्ता आधी, क्रियापद शेवटी. किल्ल्यावरचे शिपाई, त्यांनी घरात आणलेल्या इथल्या बायका, नोकर-गुलाम यांच्या मुलाबाळांनी ही भाषा घडवली. धनी गेले; पण भोवतालच्या कोळी-आगरी वस्तीशी बेटीव्यवहार नसल्याने भाषा वाडीत टिकून राहिली. शाळा मराठी, बाजार मराठी, त्यामुळे वाक्यरचना हळूहळू मराठीकडे झुकत गेली. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास, आणि मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांच्या घरात ती किती टिकेल याची धास्ती वाडीतल्या म्हाताऱ्यांना असते.

साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतली, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईतच आपलं स्वातंत्र्य इंग्रजांना लिहून दिलं. बहादूरशाहाच्या करारानंतर दोनशे अडुसष्ट वर्षांनी वसईच्या नावाचा हा दुसरा गाजलेला तह. लिहून देणाऱ्याची हालतही साधारण तीच. इंग्रजी अमलात इथल्या ख्रिस्ती समाजापुढे नवाच पेच आला. पोर्तुगीजांच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर पोपने दिलेला हक्क एकीकडे, आणि थेट रोमने नेमलेले कार्मेलाइट पाद्री दुसरीकडे. इंग्रजांनी १७२० मध्येच मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना हाकलून कार्मेलाइटांना आणलं होतं. पुढची दोनशे वर्षं कोणतं चर्च कोणाचं यावरून भांडणं, खटले आणि प्रसंगी हाणामाऱ्याही होत राहिल्या. सामान्य माणसाला त्यातलं तत्त्वज्ञान किती कळत होतं कोणास ठाऊक. आपल्या गावच्या चर्चची किल्ली परक्या पाद्र्याकडे जाऊ नये एवढं त्याला पक्कं कळत होतं.

त्यापेक्षा मोठा धक्का दिला तो आगबोटींनी. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून माणसांचा लोंढा मुंबईला येऊ लागला. खलाशी, खानसामे, आया, शिंपी, बँडवाले. धोबीतलाव परिसरात गावागावाच्या नावाने ‘कूड’ उघडले गेले, जिथे त्या गावच्या माणसाला पेटी ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळे. गोव्याच्या तियात्राचा पहिला प्रयोगसुद्धा गोव्यात नाही, १८९२ मध्ये मुंबईत झाला. आडनावं सारखी, धर्म एक, त्यामुळे साहेबाच्या लेखी सगळेच ‘पोर्तुगीज’. मुंबई-साष्टीचे मूळचे ख्रिस्ती कंपनीच्या काळापासून कारकुनीत आणि गोदीत होते. आता त्याच जागांवर गोव्याची आणि मंगळूरची मंडळी दिसू लागली. आपण परक्या पोर्तुगालची रयत नव्हे, कंपनीचे आणि राणीचे जुने इमानी लोक आहोत, हे सरकारला सांगायला एक नाव हवं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ साली त्यांनी ते घेतलं: ईस्ट इंडियन. म्हणजे कोळी, भंडारी, कुणबी अशा मराठी बोलणाऱ्या लोकांनी गोव्याच्या लोकांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून इंग्रज कंपनीचं नाव धारण केलं. वसईच्या ख्रिस्ती समाजाने मोठ्या प्रमाणात ते नाव कधीच लावून घेतलं नाही. त्यांना नोकरीच्या त्या स्पर्धेत उतरायचं नव्हतं. त्यांच्याकडे केळीच्या आणि पानवेलीच्या बागा होत्या.

खाण्यापिण्यातला वारसा सांगायचा म्हटला की पाव, बटाटा, मिरची, काजू ही यादी ठरलेली. ती खरीच आहे, पण ती साऱ्या भारताची झाली. तिच्यात उत्तर प्रांताचं खास असं काही नाही. खास आहे ते मिश्रण. ईस्ट इंडियन घरात एप्रिल-मेच्या उन्हात वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कांडून जो मसाला होतो तो बिअरच्या काळपट बाटल्यांत ठोकून भरतात, कारण उजेड लागला की तो उतरतो. त्याचं नावच बाटली मसाला. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायचं आणि त्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं. नाव उंबराचं, विधी कुणब्या-आगऱ्यांचा, आणि पुढे चालतो तो पितळी बँड. म्हाताऱ्या बायका काष्ट्याचं लुगडं नेसून गळ्यात क्रूस घालतात. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती बायकांच्या लाल चौकड्याच्या लुगड्यावरून तर त्यांना विरार लोकलच्या गर्दीतही ओळखता येई. त्यांच्या टोपल्यांत दादरच्या बाजारासाठी मोगरा, भाजी आणि वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, असत.

१८९६ च्या प्लेगमध्ये मुंबई आणि साष्टीच्या गावठाणांत चौकाचौकांत क्रूस उभे राहिले. त्यांच्यापुढे आजही नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, होतात आणि जाता-येता हिंदू बायकाही मेणबत्ती लावतात. गावदेवीला जे काम पूर्वीपासून होतं, साथ वेशीवर थोपवायचं, तेच काम या क्रूसांना मिळालं. वसईतल्या रमेदी मातेच्या सणालाही असंच दोन्हीकडचे लोक जातात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लॅटिन मिस्सा गेली आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं, आता कोणत्या भाषेत? वांद्रे-माहीमच्या ईस्ट इंडियनांनी मुख्यतः इंग्रजी घेतली. त्यांच्या मुलांच्या तीन पिढ्या तोवर कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या होत्या. वसईने मराठी घेतली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याच्या गावागावांतल्या चर्चची भाषा मराठीच राहिली. या मराठीतूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे लेखक, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डरांशी आणि टँकरवाल्यांशी भांडणारे कार्यकर्ते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा एका पाद्र्याला हा मान का, म्हणून काही लोकांनी विरोधाची पत्रं पाठवली. ज्यांच्या पूर्वजांनी १६५९ पासून मराठी ओव्यांत वधस्तंभाची कथा म्हटली त्यांना मराठीपणाचा दाखला मागण्याची ही तऱ्हा होती. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले.

आता वसईत स्थलांतर उलट दिशेने वाहतं आहे. १९८० नंतर मुंबईत घर न परवडणारी मराठी, गुजराती, उत्तर भारतीय कुटुंबं विरार लोकलच्या टोकाला येऊन स्थिरावली. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा अनेक गावांनी आम्हाला शहरात घालू नका म्हणून आंदोलन केलं. आंदोलकांत चर्चची गावं होती, तशी देवळांची गावंही होती. त्यांचा आग्रह पाण्याच्या विहिरींचा, बागांचा आणि ग्रामपंचायतीचा होता. मिस्सेच्या वेळापत्रकात मराठीच्या जोडीला काही धर्मग्रामांत इंग्रजी आणि हिंदीचीही वेळ दिसते. मंगळूर, केरळ, झारखंडहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ती आहे. बागेतल्या विहिरीवर हक्क सांगणारा सामवेदी शेतकरी आणि त्याच्या वाडीला लागून उभ्या राहिलेल्या इमारतीत पहिलं घर घेणारा नवखा ख्रिस्ती आता रविवारी एकाच बाकावर बसतात, आणि चर्चच्या समितीत कोणी निवडून यायचं, जुन्या गावकऱ्यांनी की नव्या रहिवाशांनी, यावर दर निवडणुकीला वाद होतो.